कोंबडीशेजारचा वडा

कोंबडी-वड्याच्या ताटाची तारीफ करणारा माणूस बहुतेक वेळा कोंबडीचीच तारीफ करत असतो. रस्सा किती झणझणीत होता, वाटण किती खरपूस भाजलं होतं, कोंबडी गावठी होती की पोल्ट्रीची, यावर हात वाळेपर्यंत बोलणं चालतं. वड्यांची नुसती मोजणी होते. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात या ताटावर बसण्याचे योग पुष्कळदा आले आणि दर वेळी मनात एकच गोष्ट पक्की होत गेली. या ताटातला खरा कसबाचा पदार्थ वडा आहे, आणि ज्या घरातून तो आला त्या घराची ओळखही तोच सांगतो. रस्सा बिघडला तर मीठ-मसाल्याने सावरता येतो. वडा बिघडला की बिघडला, कारण त्याचं बरंवाईट कढईजवळ ठरतच नाही. ते आधी गिरणीत ठरतं, मग परातीत. कढई फक्त निकाल सांगते.

कर्जतचा वडा म्हटलं की रेल्वेने घाट चढणाऱ्यांना फलाटावरचा दिवाडकरांचा बटाटेवडा आठवतो. गाडीला मागून जादा इंजिनं लागेपर्यंतच्या वेळात त्या वड्याने कित्येक पिढ्यांची भूक भागवली आहे, त्याचा मान त्याला आहेच. पण स्टेशनातून बाहेर पडून दहिवली, कडाव, कशेळ्याकडे निघालं, किंवा पलीकडे चौक, वावोशी, साजगावच्या बाजूला गेलं, की घराघरांत वडा म्हणून जे तळलं जातं ते वेगळंच असतं. तांदूळ आणि डाळी जाडसर दळून केलेली, पानावर थापून तळलेली ती एक भाकरच असते. आगरी घरांत तिला कोंबरी-वरे या जोडीतच हाक मारतात. कुणबी आणि मराठा घरांतही ती होते, मसाल्याच्या थोड्याफार फरकाने.

असा एक चांगला वडा हातात घेऊन नीट पाहावा. तळहाताएवढा गोल, पण वर्तुळ घोटीव नसतं. कडेला थापणाऱ्या बोटांच्या बारीक खाचा दिसतात. रंग हळदीचा, त्यावर सोनेरी छटा, आणि जागोजागी धण्याचे, मेथीचे तपकिरी ठिपके. वरचा पापुद्रा टम्म फुगलेला असतो, खालची बाजू थोडी जाड आणि सपाट. बोटाने दाबला तर वरचा पापुद्रा हलका आवाज करून फुटतो आणि आतली वाफ बाहेर येते. त्या वाफेचा वास आधी धण्याचा येतो, मागून बडीशेपेचा, आणि अगदी शेवटी भिजून किंचित आंबलेल्या उडदाचा. हा शेवटचा वास नसेल तर पीठ घाईने मळलं आहे असं खुशाल समजावं. तुकडा मोडला की पापुद्र्याखाली पोकळी दिसते आणि तिच्या तळाशी ओलसर, रवाळ, जाळीदार गर. दाताखाली पहिल्यांदा कुरकुर लागते, मग मऊपणा, आणि त्या मऊपणातही तांदळाची बारीक कणी स्वतंत्र जाणवत राहते. मीठ बेताचं. घास गिळताना मेथीची जेमतेम कळेल एवढी कडवट रेघ मागे उरते. ही कडवट रेघ मला फार मोलाची वाटते. तिखट रश्श्याचे पाच-सात घास झाल्यावर जीभ बधिर व्हायला लागते, तेव्हा तिला जागं ठेवण्याचं काम हीच करते.

ही सगळी रचना पुरीत मिळणार नाही. पुरी गव्हाची, एकजीव पिठाची. तिला पोत एकच असतो, फुगली की तिचं सांगून झालं. वड्यात मात्र कुरकुरीत, पोकळ, मऊ आणि रवाळ अशा चार गोष्टी एका घासात येतात, आणि त्या चारही येण्याचं मूळ एका शब्दात सांगायचं तर भरड.

भरडीचं माप घरागणिक बदलतं आणि आपलंच माप खरं असं प्रत्येक घर मानतं. मला पटलेलं माप असं: 1 किलो जाड तांदूळ, पाव किलो उडीदडाळ, त्याच्या निम्मी चणाडाळ, मूठभर गहू, दोन मोठे चमचे धणे, एक मोठा चमचा बडीशेप, एक लहान चमचा मेथी आणि दहा-बारा मिरी. काही घरी जिरं घालतात, काही घरी मूठभर ज्वारी. तांदूळ जुना हवा. नव्या तांदळाचं पीठ परातीतच चिकट होतं, हाताला सोडत नाही आणि वडा आतून लगद्यासारखा राहतो. सगळं धुऊन सावलीत सुकवायचं, मग मंद आचेवर नुसतं गरम होईपर्यंत परतायचं आणि दळायला न्यायचं. पण आखाडात वडे करायचे असतील तर या भागात धुतलेला तांदूळ सुकायचा कसा? कर्जतला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो आणि त्यातला मोठा वाटा आषाढ-श्रावणातच कोसळतो. म्हणून जाणत्या बायका मे महिन्यात मसाल्याबरोबर वड्याची भरडही काढून ठेवतात. ते राहून गेलं तर तांदूळ न धुता ओल्या फडक्याने पुसून घेतात आणि कोरडाच परततात.

गिरणीत दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, तांदळावरच दळा. आधी कुणाचे गहू किंवा चणे दळले असतील तर त्यांचं पीठ जात्यात बसलेलं असतं आणि ते आपल्या भरडीत उतरतं. दुसरी, जाडसर ठेवा, पण इडलीच्या रव्याइतकं जाड नको. चिमटीत घेतलं तर कणी टोचली पाहिजे आणि तळहातावर चोळलं तर थोडं पीठही लागलं पाहिजे. या दोन्हीच्या मधली जागा सापडणं हेच कसब. पीठ फार बारीक झालं तर वडा तेल पितो आणि चिवट होतो, फार जाड राहिलं तर थापतानाच कडा फुटतात. पूर्वी घरच्या जात्यावर हे हाताच्या वेगाने आणि वैरणीच्या मुठीने सांभाळलं जाई. आता गिरणीवाल्याच्या समजुतीवर सोपवावं लागतं, म्हणून आखाड आला की चांगल्या गिरणीवाल्याच्या दारात डब्यांची रांग लागते.

हा तांदूळ इथलाच असतो, आणि त्यालाही या भागाचा इतिहास आहे. उल्हास आणि पेज यांच्या खोऱ्यात, पाताळगंगेच्या काठाने भातखाचरं आहेत. इथे राब भाजून पहिल्या पावसावर बी पेरतात, रोपं हाताशी आली की आवणी होते. 1919 साली कर्जतला भात संशोधन केंद्र सुरू झालं. ते आज दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथून निघालेली कर्जत-3, कर्जत-7, कर्जत-184 ही वाणं गावाचं नाव घेऊन कोकणभर आणि कोकणाबाहेरही पोचली. शेतकरी घरात बारीक दाण्याचा तांदूळ पाहुण्यांच्या भाताला किंवा विक्रीला जातो आणि जाड दाण्याचा भाकरीला आणि वड्याला राहतो. वड्याला हा जाड दाणाच मानवतो. सुगंधी तांदळाचे वडे करून पाहिलेल्यांना मी भेटलो आहे. धणे-बडीशेपेपुढे तो सुगंध टिकत नाही आणि महाग तांदूळ वाया जातो.

आता परात. तांदळात गव्हासारखा चिवट ताणा नसतो, त्यामुळे गार पाण्यात मळलेलं तांदळाचं पीठ जवळ येतं, पण धरून राहत नाही. हे धरून ठेवण्याचं काम तीन गोष्टी मिळून करतात. पहिली म्हणजे आधण आलेलं पाणी. साधारण 70 अंशांच्या पुढे तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि खळीसारखा होतो, तीच खळी कणीला कणीशी बांधते. दुसरी उडीदडाळ, जिच्यात भिजल्यावर बुळबुळीत चिकटपणा येतो. तिसरी मेथी, तिलाही हाच गुण आहे. आपल्या बायकांनी यातलं रसायन कधी शिकलं नव्हतं, पण भाकरीला उकड काढायची आणि वड्याला कढत पाणी घालायचं, हे त्यांच्या हातांना माहीत होतं.

परातीत भरड घेऊन मधे खळगा करतात. त्यात मीठ, हळद आणि कडकडीत तेलाचं थोडंसं मोहन पडतं. मग उकळतं पाणी बेताबेताने घालत उलथन्याच्या टोकाने कालवायचं आणि हाताला सोसेल एवढं झालं की मळायला बसायचं. पाणी थोडं कमीच वाटलं पाहिजे, कारण कणी पुढचे कित्येक तास ते शोषत राहते. मळलेला गोळा झाकून पाच-सहा तास, किंवा रात्री भिजवून सकाळपर्यंत ठेवायचा. काही घरांत गोळ्याच्या पोटात अर्धा कांदा खुपसून ठेवतात. दक्षिणेकडे मालवणच्या बाजूला पिठात खळगा करून त्यात निखारा ठेवून, त्यावर तेल सोडून झाकण घालण्याची जुनी चाल आहे. तो धुराचा वास वड्याला वेगळीच खोली देतो, पण रायगडच्या या आतल्या भागात मला साधं झाकून ठेवलेलं पीठच अधिक आवडतं. उडदाचा तो हलका आंबूस वास धुराखाली झाकला जाऊ नये असं वाटतं.

आंबवण्याच्या या वेळेला पर्याय नाही. सोडा घालून वडा फुगवता येतो, आणि घाईच्या स्वयंपाकात तो फुगवलाही जातो. पण सोड्याने आलेला फुगा आणि पिठाच्या विश्रांतीने आलेला फुगा यात जिभेला सरळ फरक कळतो. सोड्याचा वडा तोंडात भुसभुशीत होऊन विरतो आणि मागे साबणासारखी चव ठेवतो. विश्रांती घेतलेल्या पिठाच्या वड्याला चावावं लागतं, आणि चावलं की तांदळाची मूळची गोडी उतरते.

थापायला केळीचं पान उत्तम, पळसाचंही चालतं. आता बहुतेक घरी दुधाची रिकामी पिशवी कापून वापरतात आणि त्यात काही वावगं नाही, फक्त तिला तेलाचा हात नीट लावावा लागतो. लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा घेऊन, बोटं पाण्यात बुडवून, मधून कडेकडे थापत न्यायचं. जाडी पाव इंचापेक्षा थोडी कमी. मधे पातळ आणि कडेला जाड झाला तर फुगत नाही, हे पहिल्याच घाण्यात कळतं. सराईत बाई एका हाताने थापते, दुसऱ्या हाताने पान फिरवते आणि त्याच लयीत पान कढईवर उपडं करून वडा तेलात सोडते. पानावर वड्याच्या पाठीला शिरांची नक्षी उठते ती पिशवीवर उठत नाही, एवढंच काय ते नुकसान.

भोक पाडायचं की नाही, हा या भागातला जुना वाद. भोकाचा वडा फुगत नाही, पण मधूनही तेल लागल्यामुळे सगळीकडून सारखा भाजतो. थोडा जाड थापला तरी पोटात कच्चा राहत नाही, आणि टोपलीत रचून ठेवला तर वाफ धरून ओला पडत नाही. लग्नघरी शे-दोनशे माणसांसाठी वडे तळायचे असतील, थापणाऱ्या हातांत नवखे हातही असतील, तेव्हा भोकाचा वडाच शहाणपणाचा. घरच्या पाच-सात माणसांसाठी मात्र बिनभोकाचा करावा. त्या पोकळीत रस्सा भरून खाण्याची मजा भोकाच्या वड्यात नाही. भोक हवंच असं सांगणाऱ्या आज्या मला माहीत आहेत आणि त्यांच्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही. त्यांच्या हातचे दोन्ही प्रकार सारखेच उतरतात.

कढईचं काम आता थोडंच उरतं, पण ते कानाने करायचं असतं. पिठाचा बारीक तुकडा टाकल्यावर तो लगेच वर आला तर तेल तयार. वडा सोडला की आधी बुडतो, जाड, भरदार बुडबुड्यांचा आवाज येतो, मग तो वर तरंगतो. याच वेळी झाऱ्याने त्याच्या पाठीवर कढत तेल उडवत हलकं दाबायचं. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायला वाट शोधतं, वरचा पापुद्रा एव्हाना आवळलेला असतो, म्हणून ती वाफ त्यालाच उचलते. आवाज बारीक होत गेला की आतलं पाणी कमी झालं. मग एकदाच उलटायचा. वारंवार उलटलेला वडा दोन्हीकडून कडक होतो आणि त्याची खालची मऊ गादी जाते. तेल थंड असेल तर वडा तेलकट, फार तापलं असेल तर वरून लाल आणि आत पिठूळ. पहिला घाणा बहुतेक घरी देवापुढे जातो, आणि मग पोरांच्या रांगा स्वयंपाकघराच्या दारात लागतात.

तळणं ही या भागात रोजची गोष्ट कधीच नव्हती. रोजची भाकर तांदळाची. डोंगराच्या अंगाला ठाकूरवाड्या आणि कातकरवाड्यांवर ती नाचणीचीही असते. खाचरांत भात आणि वरकस उतारावर नाचणी, वरी, खुरासणी अशी इथली जुनी वाटणी. तेल विकत घ्यायचं किंवा थोड्याशा तेलबियांतून घाण्यावर काढून आणायचं, म्हणून ते मोजून वापरायचं. कढई भरून तेल तापवणं हाच एक सण होता. वड्याच्या भरडीत डाळी, धणे, बडीशेप यांचा जो थाट आहे तोही याच कारणाने: तेल खर्चायचंच आहे, तर त्यात जाणारं पीठही तोलामोलाचं हवं.

वडे होण्याचे दिवस ठरलेले आहेत. आखाडातले रविवार आणि दिव्याच्या अमावास्येच्या आधीचे दिवस, कारण पुढे श्रावणभर मांसाहार बंद. आवणीचं पाठ मोडणारं काम नुकतंच उरकलेलं असतं, अंगात ओल मुरलेली असते, आणि त्या वेळी गरम तळलेलं खाण्याची शरीराला खरोखरच गरज असते. गौरी जेवणाच्या दिवशी काही घरांत तिखटाचा नैवेद्य असतो, त्यातही कोंबडीबरोबर वडे असतात. लेकी माहेरी आलेल्या असतात, थापायला हात पुष्कळ असतात. लग्नघरी बायका परातीभोवती बसून वडे थापतात, तिकडे मांडवात धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गात असते. जावई पहिल्यांदा जेवायला येतो तेव्हा वडे. आणि पितृपक्षातही वडे, पण तेव्हा खिरीबरोबर. माणूस गेल्यावर त्याच्या नावाने कावळ्याला ठेवलेल्या पानावरही वडा असतो. आनंदाच्या आणि आठवणीच्या दोन्ही पानांवर एकच पदार्थ वाढला जातो, यावरून त्याचं घरातलं स्थान समजावं.

बिनमांसाच्या दिवशी वड्याला काळ्या वाटाण्याची उसळ लागते, तीही वाटणाची, पातळ रश्श्याची. माझ्या मते वड्याची पारख करायची तर उसळीबरोबर करावी. कोंबडीचा रस्सा इतका जोरकस असतो की सुमार वडाही त्यात खपून जातो. उसळीचा मातकट, शांत रस्सा वड्याला पुढे येऊ देतो. गोडाची एक चुलतबहीणही आहे, लाल भोपळ्याचे नाहीतर पिकल्या काकडीचे घारगे. गूळ घालून शिजवलेल्या किसात मावेल तेवढंच पीठ, वर खसखस. त्यांच्यावर वेगळं लिहावं लागेल.

तरीही वड्याचा खरा जोडीदार कोंबडीचा रस्साच, आणि तो पातळ हवा. हॉटेलांतली दाट, तेलाने माखलेली ग्रेव्ही वड्याच्या पापुद्र्यावरच बसून राहते, आत जात नाही. घरचा रस्सा वाहता असतो. उन्हाळ्यात कुटून ठेवलेला लाल मसाला, कांदा आणि सुकं खोबरं चुलीवर भाजून केलेलं वाटण, आलं-लसूण-कोथिंबीर, आणि गावठी कोंबडी शिजायला लागणारा निवांत वेळ. वड्याचा तुकडा त्यात बुडवला की रवाळ गर रस्सा ओढून घेतो आणि कुरकुरीत कड तशीच कोरडी राहते. बुडवायचा तो अर्धा तुकडा, पूर्ण नाही. ही रीत कुणी शिकवत नाही, शेजारच्याचं बघून येते.

वड्याचा आणखी एक जोडीदार म्हणजे सुकी मासळी, आणि तिच्यासाठी साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या जत्रेचं इथे नाव घेतलंच पाहिजे. खोपोलीजवळ ताकईला कार्तिकी एकादशीपासून ही जत्रा भरते. विठोबाची जत्रा, आणि बाजार सुक्या बोंबलांचा आणि बैलांचा. तुकाराम महाराज व्यापाराच्या निमित्ताने इथे आले होते, असं परंपरा सांगते. पावसाळा संपलेला, भात कापणीला आलेलं किंवा खळ्यावर, आणि वर्षाची सुकी मासळी भरून घ्यायची वेळ. तिथून आणलेल्या बोंबलांचं वांगी-बटाटा घालून कालवण केलं की त्याबरोबर रोजची भाकर चालतेच, पण पिठाच्या डब्यात आखाडातली भरड शिल्लक असेल तर वडे होतात. कोंबडीपेक्षा हा मेळ कमी प्रसिद्ध आहे. सुक्या मासळीचा उग्र खारेपणा आणि तांदळाची गोडी एकमेकांना इतकी सांभाळून घेतात की ज्याने खाल्लं नाही त्याने एकदा खाऊन पाहावं.

तळलेली भाकर जगात अनेक ठिकाणी आहे, आणि तिच्यातल्या दोन कहाण्या वड्याशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. स्कॉटलंडमध्ये ओट नाहीतर जवाच्या पिठाची तव्यावर भाजलेली बॅनक नावाची भाकर होती. फरच्या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या स्कॉटिश लोकांबरोबर ती कॅनडात गेली आणि तिथल्या आदिवासी समाजांनी ती आपली केली, गव्हाच्या पिठाची, तळलेलीसुद्धा. दुसरी कहाणी अमेरिकेच्या नैर्ऋत्येची. तिथे 1864 साली नवाहो या आदिवासी लोकांना त्यांच्या भूमीवरून हाकलून शेकडो मैल चालवत बॉस्क रेदोंदो इथे डांबण्यात आलं. 1868 साली त्यांना परत जाऊ दिलं. त्या चार वर्षांत त्यांना सरकारी शिध्यात पांढरं पीठ, मीठ, चरबी असं मिळे. त्यांचा मका आणि घेवडा हिरावलेला होता. मिळालेल्या शिध्यातून त्यांच्या बायकांनी तळलेली भाकर उभी केली. पुढे 2005 साली साउथ डकोटा राज्याने तशा भाकरीला राज्याची अधिकृत भाकर ठरवलं, आणि तरीही त्या समाजांत तिच्याविषयी प्रेम आणि दुःख दोन्ही आहे.

त्या भाकरीचं तंत्र वड्याच्या उलट आहे. तिथे गव्हाचा ताणा असतो, फुगवायला बेकिंग पावडर असते, पीठ कारखान्यातून दळून आलेलं असतं, म्हणून सगळी कला मळणाऱ्याच्या हातात आणि कढईत. वड्यात ताणा नाही, पावडर नाही, आणि धान्य आपल्या खाचरातलं. त्यामुळे कलेची सुरुवात कितीतरी आधी होते, जाड दाणा निवडण्यापासून. नवाहो बाईने हाती आलेल्या परक्या पिठातून लेकरांचं पोट भरलं, त्या कर्तृत्वापुढे मान लवते. आणि त्याच वेळी हेही जाणवतं, की आपल्या बाईला आपलं धान्य आपल्या मापाने दळता आलं, हे केवढं भाग्य होतं. वड्याचा एकही घटक कुणाच्या शिध्यातून आलेला नाही. प्रत्येक घटक आपल्या शेतातून, परसातून आणि आठवड्याच्या बाजारातून आलेला आहे.

हे भाग्य आता सैल पडत चाललं आहे. कर्जत-चौक रस्त्याच्या दोन्ही अंगांनी शेतघरं उभी राहिली, खालापूरवरून द्रुतगती मार्ग गेला, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं चुलीवरच्या जेवणाच्या पाट्या शोधत येतात. ती येतात याचा मला आनंदच आहे, गावातल्या बायकांच्या हाताला त्यातून पैसा मिळतो. बचत गटांच्या बायका वड्याची भरड पाकिटांत भरून विकतात आणि ती बहुतेक वेळा चांगली निघते. पण कितीतरी ठिकाणी कोंबडी-वडे म्हणून जे ताट येतं त्यात गव्हाच्या नाहीतर मैद्याच्या हळद घातलेल्या पुऱ्या असतात. फुगलेल्या, पिवळ्या, दिसायला छान. खाणारा कोंबडीकडे पाहत असतो, त्याला फरक कळत नाही, आणि कळत नाही म्हणून करणाऱ्यालाही भरडीचा खटाटोप परवडत नाही. ही पुरी मला सपशेल नामंजूर आहे. पुरीला पुरी म्हणून वाढा, कुणी नाही म्हणणार नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. एक वडा बाजूला काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर खा. मैद्याची पुरी रात्रीत वातड होते. बारीक पिठाचा, सोड्याचा वडा दगडासारखा होतो. भरडीचा, नीट मुरलेल्या पिठाचा वडा मऊ पडतो, पण मोडतो, आणि त्यातली बडीशेप चहाच्या वाफेत पुन्हा उठून येते. कर्जतकडच्या कित्येक घरांत दोन-चार वडे मुद्दाम सकाळसाठी लपवून ठेवतात. गरम वड्याहून शिळा वडा चांगला, असं म्हणणारे लोक आहेत, आणि मी त्यांच्यातला आहे.

म्हणून घरी करून पाहणाऱ्यांना एवढंच सांगणं. पहिल्यांदा अर्धा किलोचीच भरड करा, तांदूळ जुना आणि जाड घ्या, गिरणीत स्वतः उभे राहा आणि चिमटीत घेऊन कणी पाहा. पीठ रात्री मळा. आणि पुढच्या वेळी कर्जत-खालापूरला जेवायला गेलात, तर ऑर्डर देण्याआधी वडे तांदळाच्या भरडीचे आहेत का, हे विचारा. विचारणारे वाढले तर भरड दळणारेही वाढतील.